शिल्लक 17, घेतलेल्या 0: पगारी रजा नेमकी कोणाची?

चुकार तट्टू | 18 डिसेंबर, रात्री 10:40

आयडी चुकार असला तरी यंदा एकही पीएल (साठणारी पगारी रजा) घेतलेली नाही, म्हणून हा धागा.

बाणेरला चाळीसेक माणसांच्या ऑफिसात आहे. परदेशी ग्राहकांच्या हिशेबाची कामं करतो आम्ही. ऑक्टोबरात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, चार दिवस मागितले. साहेब म्हणाले, "क्वार्टर संपू दे, मग बघू." नोव्हेंबरात परत विचारलं तर क्लायंटचं ऑडिट निघालं. दोन्ही वेळा बोलणं चहाच्या मशीनपाशी, सगळं तोंडी. डॉक्टरांची तारीख दोनदा पुढे ढकलली. आता आई म्हणते, राहू दे, दिसतंय तेवढं पुरे.

आणि काल एचआरचा मेल: पाचच्या वरच्या शिल्लक पीएल 31 डिसेंबरला बाद होतील. माझ्या 17 आहेत. म्हणजे 12 गेल्या. रजा द्यायचीही नाही आणि घेतली नाही म्हणून बुडवायचीही, हे चालतं का? एचआरला तसं विचारलं तर उत्तर आलं, "पॉलिसी आहे."

सीएल, पीएल, एसएल ही भानगडही कोणीतरी एकदा नीट सांगा. नऊ वर्षं नोकरी केली, पण हे कधी वाचलं नाही.

उपाशी बोका | 18 डिसेंबर, रात्री 10:52

पाच उरतायत ना? आमच्याकडे "अनलिमिटेड लीव्ह" आहे. दोन वर्षांत सहा घेतल्या. मर्यादाच नसल्यामुळे किती घेतल्या तर चालेल हे कळत नाही, आणि विचारायची लाज वाटते.

फाईलवाला | 19 डिसेंबर, सकाळी 6:15

जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं आस्थापना शाखेत काढली, त्यातली निम्मी रजेचे अर्ज वाचण्यात. खासगीतलं मला फारसं कळत नाही, पण सरकारी व्यवस्था सांगतो, म्हणजे तुलना करता येईल.

आमच्याकडे 1981 चे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम. अर्जित रजा वर्षाला 30 दिवस. 1 जानेवारी आणि 1 जुलैला पंधरा-पंधरा आगाऊ जमा होतात आणि 300 पर्यंत साठतात. अर्धपगारी 20 दिवस. आजारपणात डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडलं की तीच अर्धपगारी परिवर्तित करून पूर्ण पगारावर मिळते, मात्र खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. एक दिवस पूर्ण पगाराचा हवा तर दोन दिवस अर्धपगारीचे द्यायचे. नवीन लागलेल्या पोरांना हे गणित समजावताना माझा घसा बसायचा. खात्यात काहीच नसेल तर ना-देय रजा, म्हणजे पुढे जमणाऱ्या अर्धपगारीतून उसनी, किंवा असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी. नैमित्तिक आठ. गंमत अशी की नैमित्तिक रजेला नियम रजा मानतच नाहीत. कागदावर माणूस कामावरच असतो.

एवढं सगळं देऊन त्याच नियमांत लिहिलंय की रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. साहेब नाकारू शकतो. पण एक गोष्ट त्याला करता येत नाही: तुम्ही ज्या प्रकारची रजा मागितली तो प्रकार बदलून दुसरीच रजा तुमच्या माथी मारता येत नाही. आणि अर्ज आला की त्यावर मंजूर किंवा नामंजूर असा शेरा मारावाच लागतो. चुकार तट्टू, तुमच्या गोष्टीत मला हा शेरा कुठे दिसला नाही. तुमचा अर्ज कुठाय?

चुकार तट्टू | 19 डिसेंबर, सकाळी 9:05

अर्ज नाही. पोर्टलवर टाकायच्या आधी साहेबांना तोंडी विचारायची पद्धत आहे. ते हो म्हणाले तरच टाकायचा.

फाईलवाला | 19 डिसेंबर, सकाळी 9:20

मग तुम्ही रजा मागितलीच नाही. रागावू नका, कागद असंच म्हणेल.

काळा कोट | 19 डिसेंबर, सकाळी 11:30

फाईलवाल्यांनी नेमकं बोट ठेवलंय. कामगार न्यायालयात वकिली करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पुण्यातल्या ऑफिसला लागतो तो 2017 चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम. 19 डिसेंबर 2017 पासून लागू, म्हणजे योगायोगाने आज त्याचा वाढदिवस. मूळ मर्यादा किमान दहा कामगारांची. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती वीसवर न्यायला मंजुरी दिली, पण तुमच्याकडे चाळीस आहेत, तेव्हा तो प्रश्न येत नाही.

या कायद्यात सीएल, म्हणजे नैमित्तिक रजा, आठ. तिमाहीप्रमाणे जमा होतात आणि वर्षअखेर उरलेल्या बाद होतात. सीएलचं बाद होणं कायदेशीर आहे, त्यावर भांडू नका. पीएल वेगळी. वर्षात 240 दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी दर 20 दिवसांमागे एक. पाच दिवसांच्या आठवड्यात 261 दिवस येतात. सणांच्या आठ आणि सीएल आठ वजा जाता 245 उरतात, म्हणजे साधारण 12 पीएल. तुम्हाला वर्षाला मिळणाऱ्या पीएल इथूनच येतात, कंपनीची मेहेरबानी नव्हे.

आता महत्त्वाचं. पीएल 45 दिवसांपर्यंत साठवायची मुभा कायदा देतो. पॉलिसी कायद्यापेक्षा जास्त देऊ शकते, कमी नाही. तेव्हा पाचच्या वरच्या बाद ही ओळ टिकणारी नाही. पुढे असंही आहे की पंधरा दिवस आधी अर्ज करूनही मालकाने रजा नाकारली, तर 45 च्या वर जाणाऱ्या दिवसांचे पैसे मागता येतात. आणि अर्ज करून नकार मिळाला, मग कंटाळून माणसाने नोकरीच सोडली, तरी त्या रजेचे पैसे द्यावे लागतात.

प्रत्येक ठिकाणी शब्द बघा: अर्ज केला, नाकारला. चहाच्या मशीनपाशी झालेलं यातलं काहीच नाही. आजच मेल करा. त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या बोलण्याच्या तारखा घाला, आणि आजपासून पंधरा दिवसांनंतरची तारीख धरून नवा अर्ज जोडा.

सणांच्या आठ सुट्ट्या म्हणजे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि वर्ष सुरू व्हायच्या आधी मालक-कामगारांनी मिळून ठरवलेल्या चार. त्या दिवशी बोलावलं तर दुप्पट पगार आणि शिवाय बदली सुट्टी. एसएल, म्हणजे आजारपणाची रजा, या नावाची वेगळी रजा या कायद्यात नाही. कंपन्या देतात ती स्वतःहून.

सातारी कंदी | 19 डिसेंबर, दुपारी 1:10

मी एचआरमध्ये आहे, दगड मारायच्या आधी वाचा.

रजा का बुडवतात हे आतून सांगते. साठलेली पीएल हे कंपनीचं देणं असतं. वर्षाच्या शेवटी ऑडिटर त्याची किंमत काढून ताळेबंदात तरतूद दाखवायला लावतो. चाळीस माणसांच्या प्रत्येकी 17 रजा म्हणजे 680 दिवसांचा पगार. मालकाला तो आकडा दिसला की तो विचारतो, "हे कमी कसं होईल?" लोकांना रजेवर पाठवून कमी होईल, हे खरं उत्तर. पण पॉलिसीत एक ओळ घालणं सोपं पडतं. बोक्याच्या अनलिमिटेडचं इंगितही तेच. शिल्लक नाही, म्हणून देणं नाही, आणि नोकरी सोडताना द्यायलाही काही नाही. दिसायला मात्र किती दिलदार!

माझ्या मागच्या कंपनीत मी "सगळ्यांनी सलग पाच दिवस रजा घ्यायचीच" असा नियम आणायचा प्रयत्न केला होता. मॅनेजर लोकांनीच हाणून पाडला. त्यातले दोघं स्वतः रजा न घेण्याचा अभिमान बाळगणारे.

चुकार तट्टू, पॉलिसी लिहिणारीने कायदा वाचला नसेल ही शक्यता मोठी आहे. अर्ध्या पॉलिसी दुसऱ्या कंपनीच्या पीडीएफवरून उतरवलेल्या असतात. मी स्वतः उतरवली आहे.

इंद्रायणीकाठ | 19 डिसेंबर, संध्याकाळी 7:45

चाकणला कारखान्यात आहे. आमच्याकडे सँडविच आहे. शुक्रवार आणि सोमवार रजा टाकली तर मधले शनिवार-रविवारही कापतात, चार दिवस जातात. म्हणून पोरं सोमवारी न सांगता खाडा करतात. खाड्याला एकच दिवस जातो! सांगून रजा घेणारा मूर्ख ठरतो.

आजारपणाचं विचारलंत म्हणून सांगतो, 21 हजारांच्या आत पगार असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा. आपले 0.75 टक्के कापतात, मालक 3.25 भरतो. मागच्या वर्षी कावीळ झाली, महिनाभर घरी होतो. पगाराच्या 70 टक्क्यांच्या हिशेबाने पैसे खात्यात आले. पहिले दोन दिवस धरत नाहीत. वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळतात, टीबी-कॅन्सरसारख्या लांबणाऱ्या आजारांना त्याहून पुढेही. दवाखान्याच्या रांगेत एक अख्खा दिवस जातो ते वेगळं, पण पैसे आले हे खरं सांगायला हवं.

काळा कोट | 19 डिसेंबर, रात्री 9:00

इंद्रायणीकाठ, 1948 च्या कारखाने अधिनियमातच लिहिलं होतं की वार्षिक पगारी रजेच्या मध्ये किंवा मागेपुढे येणाऱ्या सुट्ट्या रजेत मोजायच्या नाहीत. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही तेच आहे. पीएल असेल तर तुमचं सँडविच बेकायदा आहे. युनियन असेल तर विषय काढा.

संहितेने आणखी एक केलंय. 240 ऐवजी 180 दिवस भरले की पगारी रजेचा हक्क. वर्ष संपताना मागणी केली तर शिल्लक रजेचे पैसेही घेता येतात. पुढे नेता येतात 30, पण मागितलेली रजा नाकारली असेल तर तिला मर्यादा नाही. कामगाराची व्याख्या मात्र बघा: व्यवस्थापक आणि 18 हजारांच्या वर पगार असलेले पर्यवेक्षक त्यात येत नाहीत. राज्याचा दुकानांचा कायदा काही रद्द झालेला नाही, त्यामुळे चुकार तट्टूंनी तूर्त तोच धरावा.

फाईलवाला | 19 डिसेंबर, रात्री 9:12

सरकारात अर्जित रजेच्या मधले रविवार मोजतात बरं का. फक्त मागे-पुढे जोडता येतात. नैमित्तिकमध्ये मात्र मधली सुट्टी मोजत नाहीत. दिवाळीला जोडून कोण किती दिवस काढतो याची आमच्याकडे स्पर्धा असायची. 2020 मध्ये पाच दिवसांचा आठवडा झाल्यावर ती कला लोप पावली.

श्रावणसर | 20 डिसेंबर, दुपारी 12:20

प्रसूती रजेबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी.

2017 च्या दुरुस्तीपासून 26 आठवडे, त्यातले आठ बाळंतपणाच्या आधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील तर 12. गर्भपात झाला तर सहा आठवडे, हे तर अनेक बायकांना माहीतच नसतं; चार दिवस सीएल टाकून परत येतात. आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेलं असलं की झालं. हे सगळं नेमणूक होतानाच लेखी कळवायचं असं कायदा सांगतो. माझ्या हातात असा कागद कधीच पडला नाही.

मी कंत्राटावर शिकवत होते. सातव्या महिन्यात सांगितलं गेलं, तुमचं कंत्राट मार्चला संपतंय, नूतनीकरण "नंतर बघू". रजा द्यायला नको म्हणून ही युक्ती, आणि वर पेढेही खाल्ले त्यांनी माझ्याकडून. 2023 साली दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क लागू असेल तर कंत्राटाची मुदत संपली तरी प्रसूतीचे लाभ पुढे मिळाले पाहिजेत. माझं बाळंतपण 2021 चं. निकाल वाचला त्या दिवशी मुलगी दोन वर्षांची होती.

उपाशी बोका | 20 डिसेंबर, दुपारी 12:41

ताई, यावर काय बोलावं. आणि बाप लोकांचं? खासगीत बापाला काही आहे का?

श्रावणसर | 20 डिसेंबर, दुपारी 12:58

केंद्र सरकारी असाल तर 15 दिवस. खासगीत कंपनीची मर्जी. माझ्या नवऱ्याला दोन दिवस मिळाले, त्यातला एक रविवार.

म्युनिकचा मुलुंडकर | 20 डिसेंबर, रात्री 11:50

तिकडचं सांगून खिजवायचा हेतू नाही, पण मूळ प्रश्नाशी जुळतं म्हणून लिहितो.

जर्मनीत पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान 20 दिवस, प्रत्यक्षात 28-30 सर्रास. आजारी पडलं तर सहा आठवडे मालकच पूर्ण पगार देतो. सुट्टीवर असताना ताप आला आणि डॉक्टरची चिठ्ठी आणली तर तेवढे दिवस रजेत मोजत नाहीत, परत मिळतात. पहिल्या वर्षी मला हे खरंच वाटेना, साहेबालाच दोनदा विचारलं.

आणि बुडणाऱ्या रजेबद्दल: 2018 साली युरोपीय न्यायालयाने म्हटलं की मालकाने आधी स्पष्ट सांगितलं नसेल की "तुमच्या इतक्या रजा उरल्यात, घ्या, नाहीतर जातील" आणि घ्यायची संधी दिली नसेल, तर रजा आपोआप बुडत नाही. त्यामुळे आमच्याकडे उन्हाळ्यापासूनच एचआर मागे लागतं. इथे अमेरिकेवाले कोणी असतील तर त्यांनी गप्प बसावं. त्यांच्याकडे पगारी रजेचा देशभराचा कायदाच नाही.

पडवीतली खुर्ची | 21 डिसेंबर, सकाळी 8:30

दोन दिवस शांतपणे वाचते आहे. सगळे हक्काबद्दल बोलताय, छान. आता एक विचारते. तुमच्याकडे धुणं-भांड्याला येणाऱ्या ताईंना महिन्याला किती पगारी रजा आहेत? की खाडा म्हणून कापता?

उपाशी बोका | 21 डिसेंबर, सकाळी 8:44

धाग्यात भयाण शांतता.

सातारी कंदी | 21 डिसेंबर, सकाळी 10:05

खरं सांगते, गेल्या वर्षापर्यंत कापायचे. आईने पाहिलं आणि विचारलं, "तुझा पगार कोणी असा कापला तर?" आता महिन्याला दोन दिवस आणि दिवाळीत चार पगारी. त्यानंतर न सांगता दांड्या मारणं जवळपास थांबलं, कारण आधी सांगितलं म्हणून काही बुडत नाही. इंद्रायणीकाठ यांच्या सोमवारच्या खाड्याचीच ही गोष्ट, फक्त मालकीण मी.

फाईलवाला | 21 डिसेंबर, सकाळी 10:30

रविवारची सुट्टीसुद्धा कोणी ताटात वाढून दिली नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत ती 10 जून 1890 ला मिळाली, तीही नारायण मेघाजी लोखंड्यांनी सहा वर्षं अर्ज, सभा, सह्या केल्यावर. रविवार खंडोबाचा वार, हेही एक कारण पुढे केलेलं. बघा, तिथेही आधी अर्जच.

इंद्रायणीकाठ | 21 डिसेंबर, दुपारी 2:15

मतदानाची सुट्टीही पगारी असते. मागच्या विधानसभेला, 20 नोव्हेंबर 2024 ला, आमच्या ठेकेदाराच्या पोरांना दोन तास दिले आणि तेवढेच पैसे कापले. मालकाला दंड किती असतो कोट साहेब?

काळा कोट | 21 डिसेंबर, दुपारी 3:00

500 रुपयांपर्यंत. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तसं आहे.

चुकार तट्टू | 23 डिसेंबर, रात्री 9:30

अपडेट. 19 तारखेलाच मेल केला होता. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या तारखा घातल्या, कलम लिहिलं, आणि 6 ते 9 जानेवारी असा चार दिवसांचा अर्ज पोर्टलवर टाकला, साहेबांना न विचारता. हात थरथरत होते, हसू नका.

दोन दिवस शुकशुकाट. मग एचआरने बोलावलं. "तुम्ही टीम लीड आहात, तुम्हाला हा कायदा लागू नाही."

काळा कोट | 23 डिसेंबर, रात्री 9:55

अपेक्षित होतं. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षी किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांना कायदा वगळतो हे खरं. पण अशा पदांची यादी कंपनीने वेबसाईटवर किंवा ऑफिसात लावायची असते आणि तिची प्रत सुविधाकाराकडे, म्हणजे पूर्वीच्या दुकान निरीक्षकाकडे पाठवायची असते. नम्रपणे विचारा, "यादी कुठे पाहायला मिळेल?" शिवाय न्यायालय पाटी पाहत नाही, काम पाहतं. तुम्ही कोणाची रजा मंजूर करता का? कोणाला नेमता, काढता?

चुकार तट्टू | 23 डिसेंबर, रात्री 10:02

मी स्वतःची मंजूर करू शकत नाही, दुसऱ्याची काय करणार. माझ्या हाताखाली एक इंटर्न आहे, तोही रजेवर आहे.

सातारी कंदी | 24 डिसेंबर, सकाळी 9:15

यादीचं विचाराच. मी पैजेवर सांगते, यादी नसणार.

आणि नोकरी सोडायचा विचार मनात असेल तर थोडं थांबा. शिल्लक रजेचे पैसे बेसिकवर देणार की एकूण पगारावर, हे ऑफर लेटरमध्ये पाहून ठेवा. नव्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा आहे; पंचेचाळीस दिवस वाट पाहायची जुनी सवय सोडायला सांगा. नोकरी सोडताना मिळणाऱ्या रजेच्या पैशांवर आयुष्यभरात मिळून 25 लाखांपर्यंत करसवलत आहे, 2023 पासून. नोकरीत असताना घेतले तर कर लागतो.

चुकार तट्टू | 30 डिसेंबर, संध्याकाळी 6:50

यादी नव्हती. कंदीताई, पैज जिंकलात.

आज मेल आला. 17 च्या 17 रजा पुढे नेल्या आहेत, "विशेष बाब म्हणून". पॉलिसी बदललेली नाही, फक्त माझ्यापुरतं. शेजारच्या टेबलवरच्या मुलीच्या 9 आहेत, तिच्या चार उद्या जाणार. तिला धाग्याची लिंक दिली, ती म्हणाली, "तुझं झालं ना, मला नको भानगड."

जानेवारीचे चार दिवसही मंजूर, पण खाली एक ओळ: "लॅपटॉप सोबत ठेवावा."

म्युनिकचा मुलुंडकर | 30 डिसेंबर, संध्याकाळी 7:20

लॅपटॉप सोबत म्हणजे ती रजा नव्हे. घरी विसरा.

फाईलवाला | 30 डिसेंबर, संध्याकाळी 7:31

मेलची प्रत काढून ठेवा. पुढच्या वर्षी "विशेष बाब" कोणाला आठवणार नाही. आईंच्या डोळ्याची तारीख पक्की झाली का?

चुकार तट्टू | 30 डिसेंबर, संध्याकाळी 7:48

6 तारीख, सकाळी साडेआठ. आई म्हणते, इतकं भांडून रजा काढलीस, आता दुसऱ्या डोळ्याचंही बघून घे. आणि हो, त्या दवाखान्यात नेटवर्क अजिबात येत नाही, असं मी आत्ताच ठरवलंय.